वाजवलेली ताटली

४ मार्च
सासूबाई आल्या. पडद्यांच्या दुकानातलं शिवणकाम बाजूला ठेवून, खास बाळासाठी! त्यांना जन्मापासून ऐकू येत नाही. आल्या आल्या मायलेकांचं हातांनी बोलणं सुरू – आणि मी मध्ये मख्खासारखी. लग्नाला इतकी वर्षं झाली, मला खुणांनी येतं ते फक्त ‘चहा’ आणि ‘पुरे’.

७ मार्च
नवऱ्याशी वाजलं. मी स्वयंपाकघरातून ओरडून बोलते, ते त्याला उद्धटपणाचं वाटतं. आमच्या माहेरी सगळे एकमेकांवर ओरडूनच माया करतात! त्याच्याकडे समोर यायचं, डोळ्यांत बघायचं, मगच बोलायचं. म्हणाला, “आमच्याकडे पाठ फिरवली की बोलणं संपलं.”
कुठल्या घरात जन्मलो त्यावर माणसाचं शहाणपणही ठरतं म्हणायचं. तरी माझंच बरोबर, असं मला वाटतंय.

११ मार्च
डोकं फिरलंय नुसतं. आंघोळ करून बाहेर येते तर सासूबाई बाळाच्या डोक्यामागे उभ्या राहून ताटलीवर चमचा बडवतायत! स्वतःला ऐकू येत नाही म्हणून तान्ह्या लेकराच्या कानाशी असं करायचं? बाळ बिचारं शांत पडून होतं, गुणी माझं! मी ताटली हिसकावून घेतली. त्या हातांनी काहीतरी सांगायला लागल्या, तर मी पाठ फिरवली.
मुद्दाम फिरवली.

१२ मार्च
सासूबाई परत गेल्या. मीच नवऱ्याला काल स्पष्ट सांगितलं होतं – बाळ रडलेलं ज्यांना कळणार नाही, त्यांच्यावर सोपवायचं कसं? आज तो त्यांची बॅग उचलून त्यांना पोचवायला गेला.

२० मार्च
शेजारी सकाळभर भिंतीत ड्रिल चालू होतं, बाळ आपलं गाढ झोपलेलं. आईला फोनवर कौतुकाने सांगितलं. आई गप्पच झाली. ती, आणि गप्प! मग म्हणाली, डॉक्टरांना एकदा दाखव.
सासूबाईंचे हवेत राहिलेले हात सारखे आठवतायत. चुकलंच माझं. निदान बघायला हवं होतं.

२ एप्रिल
तपासणी झाली. बाळाला ऐकू येत नाही.
डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरी कधी आवाज करून पाहिला होतात का? मी ‘नाही’ म्हणणार, तेवढ्यात नवरा म्हणाला, “आईने पाहिला होता. ताटली वाजवून. मलाच ते मानायचं नव्हतं.”
सासूबाईंना परत बोलवायचंय. कोणत्या तोंडाने बोलवू? आणि हातांना तर काहीच येत नाही.