एकदाच विचारलं

हार्युला, १७ ऑगस्ट १९५८

ती. सायमाताईस ताउनोचा शि. सा. न.

जवाची कापणी उरकली. पाऊस बेताने झाला. कंबर जपून वापरतो, त्यामुळे ठीक आहे.

एक बातमी आहे, तीही जपूनच सांगतो. डेअरीतली हेल्मी पाच सप्टेंबरच्या बसने तुमच्या वासा शहरात येणार आणि तिथून बोटीने स्वीडनला, बहिणीकडे. कायमची. गेली कित्येक वर्षं दर शनिवारी मी तिच्याकडे कॉफीला जातो, हे तुला ठाऊक आहे. तर काल मी फार सांभाळून तिला म्हटलं, की माझं घर एका माणसाला जरा मोठं पडतं. तिची हरकत नसेल तर तिने सवडीने लग्नाचा विचार करावा. ती म्हणाली, छे, माझ्यासाठी एवढा त्रास कशाला. मी टोपी घातली, हळूच दार ओढून घेतलं आणि घरी आलो. उगाच कोणाला संकोचात टाकू नये.

जेवण मात्र जात नाही. आज रविवार असून बटाटे काढत बसलो.

गुडघ्यांना जप. लोभ आहे तेवढा राहू दे, जास्त मागत नाही.

ताउनो


वासा, २१ ऑगस्ट

चि. ताउनोस सायमाचे अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

तुझं पत्र वाचता वाचता माझे मासे करपले. अरे, तू कोणत्या गावचा? पहिल्या बोलावण्याला आपल्याकडे कॉफीच्या टेबलाकडे उठून कोण जातं? हावरट म्हणून नाव पडेल. दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा उठायचं. आईच्या साठीला पाद्रीबाई दाराशीच इतका वेळ नको नको करत राहिल्या, की कॉफी पुन्हा तापवावी लागली. त्यांना कोणी घरी पाठवलं का? पावाच्या तुकड्यासाठी तू माणसाला तीनदा विचारतोस आणि लग्नासाठी एकदाच?

हेल्मी चांगल्या घरची आहे. तिने लगेच हो म्हटलं असतं तर मलाच घोर लागला असता. पुन्हा जा. आणि ‘जपून’ हा शब्द घरी ठेवून जा. मीठ म्हणून वापरायचा शब्द तू भाजीसारखा वाढतोस.

माझा राग गेला की लोभ आहेच.

सायमा


हार्युला, २८ ऑगस्ट

ती. ताईस शि. सा. न.

तो शब्द घरी ठेवला. त्याऐवजी बेताने, सावकाश आणि अदबीने गेलो.

हेल्मी कपबशा कागदात गुंडाळत होती. मी दुसऱ्यांदा विचारलं. ती लाल झाली आणि म्हणाली, गावात माझ्याआधी कितीतरी जणी आहेत, आधी त्यांना विचारावं. घरी येऊन शांतपणे विचार केला, तर तिचं म्हणणं वाजवी वाटलं. चर्चच्या घंटेवाल्याची मुलगी एल्वीरा एकटीच असते. तिचा कुत्रा चावतो, पण हेल्मीचा शब्द मोडू नये म्हणून सात तारखेच्या रविवारी तिकडे हळूहळू जाऊन बघावं म्हणतो. तुझं मत कळव.

मला स्वतःला जायचं नाही. येत्या शनिवारनंतर कॉफी कुठे प्यायची, हेही सुचत नाही.

मायेत अंतर पडू नये.

ताउनो


वासा, १ सप्टेंबर

ताउनो,

आशीर्वाद मागाहून. एल्वीराच्या फाटकाला हात लावलास तर मी तुझी बहीण नाही. दुसऱ्यांदा विचारलं की माणूस दुसऱ्याला पुढे करतो, एवढंही विसरलास? तिसरी खेप राहिली आहे. ती पाचला निघते. जा, आणि असा विचार की चार घरांना ऐकू जाईल.

सायमा


हार्युला, ५ सप्टेंबर

सौ. सायमाबाईंस हेल्मीचा सा. न. वि. वि.

आपली ओळख नमस्कारापुरती, तरी काम सांगते. आज वासाच्या बस स्थानकावर एक निळी पेटी बेवारस पोचली असेल. ती माझी. कृपया घरी न्यावी.

झालं असं. सकाळी थांब्यावर मी, पाद्रीबाई आणि मला निरोप द्यायला आलेले तुमचे भाऊ. पेटी टपावर चढली. पाद्रीबाई म्हणाल्या, तू आधी चढ. मी म्हटलं, तुमचा मान. त्या म्हणाल्या, लांबचा प्रवास तुझा. तुमचे भाऊ म्हणाले, घाई नको, सावकाश ठरवा. ड्रायव्हर शहरातला, त्याला रीतभात काय ठाऊक. त्याने दार लावलं आणि गाडी नेली. पाद्रीबाई म्हणाल्या, तसं माझं काम काही तातडीचं नव्हतं, आणि घरी गेल्या.

आम्ही दोघं रस्त्यावर उरलो. दुपारच्या बसनेही बोट मिळते, हे मी ताउनोंना सांगितलं. त्यांनी आधी रस्ता दोन्ही बाजूंनी नीट बघून घेतला. मग ओरडलेच. “हेल्मी, जाऊ नकोस. मला तू हवी आहेस. माझ्याशी लग्न कर.” डेअरीतल्या मुली दुधाचे कॅन ठेवून बाहेर आल्या. मी थोडे आढेवेढे घ्यायला हवे होते. पण त्यांचा हात टोपीकडे जायला लागला होता. मी हो म्हटलं.

लग्न महिनाअखेरीस. पाद्रीसाहेब म्हणाले, एवढा मोठा निर्णय, जरा थांबून, सांभाळून घ्यावा. ताउनो म्हणाले, आता थांबणं नाही. पेटीत माझ्या आईने जुन्या रीतीप्रमाणे लग्नात घातलेला काळा पोशाख आहे, तोच मला घालायचा आहे, म्हणून तेवढी घाई.

लग्न व्हायच्या आधी अशी सही करू नये, हे मला कळतं. तरी करते.

तुमची भावजय,
हेल्मी