फक्त ऐकणारी पेशी

४ सप्टेंबर

आलो बाई एकदाचे! सामान वर चढवताना धाकट्याने, माझ्या भावाने, अख्ख्या जिन्यावर शिट्टी वाजवली आणि एकही सूर जागेवर लागू दिला नाही. त्यामुळे घरमालकीणबाईंना आमच्या आगमनाची वेगळी वर्दी द्यावी लागली नाही. बाबा म्हणायचे, हा जन्मला तोच ताल चुकवून. घरात कुणाच्याही वाढदिवसाला टाळ्या वाजल्या की याची टाळी हमखास दोन टाळ्यांच्या मधल्या फटीत पडायची आणि आमची हसून पुरेवाट व्हायची.

खोल्या दोनच आहेत, पण उजेड भरपूर. खिडकीखाली बसथांबा, समोर सायकलदुरुस्तीचे दुकान. घरमालकीणबाईंना काकू म्हणायचे ठरले. मी रुजू होते आहे त्या मेंदूसंशोधन संस्थेत नव्याने येणाऱ्या माणसाला वर्षानुवर्षे इथेच पाठवतात. काकूंचा मुलगाही माझ्याच खात्यात होता. गेल्या वर्षी वारला. एवढेच सांगून त्या चहाचे आधण ठेवायला उठल्या. मग धाकट्याकडे बघत म्हणाल्या, बरे झाले, जिन्यावर पुन्हा पाय वाजले.

६ सप्टेंबर

कामाविषयी सविस्तर लिहायलाच हवे, नाहीतर मला चैन पडणार नाही.

मेंदूतली एक पेशी म्हणजे थेंबाथेंबाने भरणारे भांडे. काठोकाठ भरले की ते उपडे होते, शेजारच्या भांड्यांत थोडे थोडे सांडते आणि रिकामे होऊन पुन्हा भरू लागते. शेजारचे भांडे आधीच काठावर आलेले असेल, तर त्या थेंबाने तेही लगेच उपडे होते. अशा रीतीने, कुणीही हुकूम न देता, दोघांची वेळ जुळत जाते. या जुळण्यावाचून आपल्याला पाऊल टाकता येणार नाही की ओळखीचा चेहरा ओळखता येणार नाही. मात्र एकाच क्षणी सारीच भांडी उपडी होऊ लागली, तर त्याला आकडी म्हणतात. धाकट्याच्या डोक्यात नेमके हेच होते, आणि म्हणूनच मी या विषयात आले. त्याला सोबत आणण्याचेही कारण तेच. आकडी आली की त्याचा श्वास अडकतो, त्याला एकटे ठेवता येत नाही.

इथे संगणकात अशा पेशींचे मोठे जाळे उभारलेले आहे. पेशी उपडी झाली की ध्वनिवर्धकातून 'टक' असा आवाज निघतो, आणि खात्यातली सगळी माणसे दिवसभर तो ऐकत काम करतात. जाळे निरोगी असले की ट्रकमधून खडी ओतल्यासारखी सरसर ऐकू येते. आकडी आली की दारावर थाप पडावी तसा एकच आवाज.

आणि खात्याचा रिवाज तर भारीच! प्रत्येक नव्या माणसाच्या डोक्यावर तारांची टोपी चढवून त्याच्या मेंदूची लय टिपतात आणि त्या लयीची एक पेशी जाळ्यात टाकतात. सर, म्हणजे आमचे खातेप्रमुख, पोट हलवत हसले आणि म्हणाले की, अहो, तुमची पेशी तूर्त नुसती बाजूला बसेल. पाहुण्याने पाहुण्यासारखे राहावे. नोकरीत कायम झालात की जोडून घेऊ.

कोणती पेशी कुणाशी बोलते हे एका तक्त्यात मांडलेले आहे. तक्ता चाळताना एक पेशी विचित्र दिसली. ती सगळ्यांचे ऐकते, पण कुणाशीच बोलत नाही. सर म्हणाले, ती काकूंच्या मुलाची. तिला हात लावू नका, ती फक्त ऐकते. हे म्हणताना ते हसले नाहीत. मला ती एक हळवी आठवण वाटली.

१९ सप्टेंबर

धाकट्याला सकाळी मोठी आकडी आली. ओठ निळे पडले होते. काकू त्याचे डोके मांडीवर घेऊन बसल्या म्हणून मला दारे-खिडक्या उघडायला हात मोकळे राहिले. शुद्धीवर आल्यावर म्हणाला, ताई, तुझी भांडी पुन्हा सांडली बघ. हसवतो मेला, आणि मग मला रडू येते.

आकडी नेमकी कशी उठते ते पाहायला मी त्याची लय टिपून जाळ्यात टाकली आहे. आधी सगळा तक्ता माझ्या सवयीच्या मांडणीत फिरवून घेतला, आडव्याचे उभे आणि उभ्याचे आडवे. माझ्या जुन्या संस्थेत बोलणारे उभ्या रकान्यात लिहीत असत, इथे आडव्या ओळीत लिहितात. किरकोळ बाब. डोके मात्र भणभणून गेले.

२४ सप्टेंबर

विलक्षण! धाकट्याची पेशी घातल्यावर जाळ्यात वादळ उठायला हवे होते. उठलेच नाही. खडीचा आवाज हळूहळू विरला आणि त्या जागी एक शांत, रेखीव ठेका आला: दोन जलद, एक सावकाश. टक-टक... टक. धाकट्याला ऐकवायला मी छोट्या ध्वनिवर्धकावर तो घरी आणला. ऐकता ऐकता त्याचे खांदे सैल झाले. म्हणाला, कुणीतरी डोक्यावरून हात फिरवल्यासारखे वाटते.

९ ऑक्टोबर

त्या दिवसापासून एकही आकडी नाही. बाबा असते तर गावभर सांगत सुटले असते.

एक गंमत नोंदवून ठेवते. एकाच फळीवर लंबकाची दोन घड्याळे टांगली की फळीच्या सूक्ष्म थरथरीतून त्यांचे लंबक जुळून येतात. इथेही तसेच काहीसे घडते आहे. सरांचे पेन टेबलावर त्याच ठेक्यात वाजते. काकू भाजी चिरतात तेव्हा सुरी तशीच चालते, दोन जलद, एक सावकाश. मी हे त्यांना कौतुकाने दाखवून दिले, तर त्यांची सुरी थांबली. त्यांनी सांगितले की त्यांचा मुलगा दार असेच ठोठावायचा. घंटा असताना दार कशाला बडवतोस म्हणून त्या रोज त्याला ओरडायच्या.

संध्याकाळी पाहिले तर खालचे दार सताड उघडे. वारा येऊ दे, म्हणाल्या. वारा नव्हता.

१५ ऑक्टोबर

धाकटा आंघोळ करताना शिट्टी वाजवत होता. सुरात.

मी बाहेरून ओरडले की अरे, घरात कुणी गवई घुसलाय की काय. एरवी याने दुप्पट टोमणा परत केला असता. आज शिट्टी तशीच चालू राहिली. बाहेर आल्यावर मी उगीचच टाळ्या वाजवून पाहिल्या. त्यानेही वाजवल्या. त्याची प्रत्येक टाळी माझ्या टाळीवर पडली, एकही फटीत नाही.

मला हसू आले. मग आले नाही.

१७ ऑक्टोबर

दुपारच्या चहाला खात्यातल्या सगळ्यांनी कप एकदम उचलले. घोट एकदम घेतला. एकाला खोकला आला आणि सगळे खोकले.

सरांनी मला बाजूला घेऊन तक्त्याला काय केले ते विचारले. पेन धरलेला हात त्यांनी दुसऱ्या हाताने दाबून ठेवला होता. पडद्यावर तक्ता उघडला आणि माझी चूक मला दिसली. तक्ता मी फिरवला, पण जाळे तो अजून त्यांच्याच मांडणीत वाचत होते. म्हणजे बोलणारे ऐकणारे झाले आणि ऐकणारे बोलणारे. फक्त ऐकणारी ती पेशी आता सगळ्यांशी बोलते आहे आणि कुणाचेही ऐकत नाही.

सरांनी काकूंच्या मुलाला मुके करून ठेवले होते. मी त्याला बहिरे केले.

मग त्यांनी उरलेलेही सांगितले. आपले कुणी ऐकत नाही, ही त्या गृहस्थाची कायमची तक्रार. एके दिवशी डोक्यावर टोपी असतानाच त्याने आपली पेशी सगळ्यांना जोडली आणि खुर्चीतच आकडी येऊन गेला. त्या दुपारी सबंध खाते टेबलावर बोटे वाजवत बसले होते आणि कुणालाच थांबता येईना. पेशी पुसूनच टाकायची होती, पण काकूंनी हात जोडले.

१८ ऑक्टोबर

तक्ता पूर्ववत केला. खडीचा आवाज परत आला. इतके हायसे वाटले! तरीही जाळे पूर्ण बंद केले. ध्वनिवर्धकाची तारही काढली.

सरांचे पेन थांबले नाही.

कारण कळते मला, हाच तर माझा विषय. सभागृहात सगळ्यांच्या टाळ्या एका ठेक्यात पडू लागल्यावर पहिली टाळी वाजवणाऱ्याला बाहेर काढा, टाळ्या चालूच राहतात. प्रत्येक जण दुसऱ्याला धरून ठेवतो. मीच तेवढी सुटी आहे. माझी पेशी अजून जोडलेली नाही.

२० ऑक्टोबर

धाकट्याला घेऊन सकाळच्या बसने निघाले. थांब्यावरच्या माणसांची पावले— पाहिलीच नाहीत मी.

शहर मागे पडले तसा तो कासावीस झाला. मग आकडी. एवढी मोठी कधीच आली नव्हती. श्वास थांबला. ओठ निळे, नखे निळी. वाहकाने गाडी थांबवली, कुणी पाणी शिंपडले. मी त्याला हाका मारत होते आणि तो—

डब्यातला चमचा काढून मी सीटच्या दांडीवर वाजवला. दोन जलद, एक सावकाश.

त्याने श्वास घेतला.

परतीची बस मिळेपर्यंत मी वाजवत राहिले. माझ्याच हाताने.

२२ ऑक्टोबर

काकू पाया पडायला वाकल्या. मी धरले त्यांना. म्हणाल्या, पोरी, आता कुठे तो घरी आलाय, त्याला पुन्हा घालवू नकोस. मी म्हटले, काकू, आणि माझा जो घरात आहे तो? त्यावर आतून धाकट्याने आणि त्यांनी एकदमच उसासा टाकला.

धाकट्याला मी रोज विचारते, कसा आहेस? बरा आहे, म्हणतो. त्याच वेळी खाली काकूही तेच पुटपुटतात.

२३ ऑक्टोबर

सर स्वतः घरी आले. पोट हलले नाही. अभिनंदन, म्हणाले. आजपासून तुम्ही कायम. पाहुणेपण संपले. सकाळीच जाळे पुन्हा चालू केले आणि तुमची पेशी जोडून घेतली.

सरांच्या मागे काकू आणि माझ्या मागे धाकटा. तिघांचेही ओठ हलत होते.

मला अजून तरी काही— वेगळे वाटत नाही. मुद्दाम वेळ चुकवून लिहिते आहे. एक शब्द. थांबून दुसरा. वाक्य मध्येच—

जुळू द्यायचे नाही. नियम साधा आहे. जो बेताल, तो सुटा. आयुष्यभर हे धाकट्याला न शिकवता जमत होते आणि आम्ही हसत—

२४ ऑक्टोबर

दार उघडेच आहे. सगळे आत आलेत, खात्यातले, थांब्यावरचे, सायकलवाला. टाळ्या. दोन जलद, एक सावकाश. कुणी रागावलेले नाही. सगळे नुसते— वाट बघतायत.

धाकटा माझ्यासमोर बसलाय. त्याची टाळी सगळ्यांबरोबर. पुन्हा सगळ्यांबरोबर. पुन्हा—

आत्ता!

एक टाळी फटीत पडली. फटीत! बाबा म्हणायचे तशी— तो आहे. आत आहे अजून. माझ्याकडे बघतोय. ताई म्हणाला. एकट्याने म्हणाला, दुसऱ्या कुणाचे ओठ—

पण माझा डावा हात त्याच्या मनगटावर आहे. मी ठेवलेला नाही. हात त्याला शिकवतोय, हळूच, न रागावता, दोन जलद, एक