मिनिटाला अर्धा मिलिमीटर

३ फेब्रुवारी, सोमवार
मॉडेलचं काम आजपासून माझ्याकडे. प्लास्टिकच्या पाइपाचा तुकडा झटकन ओढला तर ताठ राहतो आणि लवकर तुटतो. सावकाश ओढला तर नरमतो आणि लांबतच जातो. कुठल्या स्पीडला किती जोर लागेल, हे एका सूत्रात बसवायचं, तेच मॉडेल. लॅबमध्ये हे काम झेपेल असा माणूस एकच, असं साहेब म्हणाले. म्हणजे दुसरं कोणी मोकळं नाही असं म्हणाले, पण अर्थ तोच.
संकल्प: रोज नोंदी. शॉर्टकट नाही. चहा दोनच.

५ फेब्रुवारी
चारपैकी तीन स्पीड झाले. तुकडे ओढायच्या मशीनवरचे काका मुलीच्या बाळंतपणासाठी रजेवर आहेत, त्यामुळे सगळं एकहाती. काका बावीस वर्षं त्या मशीनवर आहेत. मला तीन दिवसांत जमलं.
चहा पाच.

६ फेब्रुवारी
चौथा स्पीड म्हणजे मिनिटाला अर्धा मिलिमीटर. एका तुकड्याला दहा तास, आणि तुकडे पाच. पन्नास तास नुसतं समोर बसून राहायचं. त्यापेक्षा सूत्रावर विचार केलेला बरा. उद्या सकाळी लवकर येऊन पहिला तुकडा लावणार.

७ फेब्रुवारी, दुपारी
उशीर झाला. पण डोक्यात एक विचार आला. मॉडेल तीन स्पीडना इतकं छान बसतंय, तर चौथ्याचं उत्तर त्याला माहीत असणारच. त्यालाच विचारलं. चार सेकंदांत पाच ग्राफ मिळाले. फारच गुळगुळीत दिसत होते, म्हणून खरे वाटावेत इतपत थरथर घातली. ही फसवणूक नव्हे, तात्पुरती सोय. खऱ्या टेस्ट पुढच्या आठवड्यात.
जेवण का कोण जाणे गेलं नाही.

१४ फेब्रुवारी
खऱ्या टेस्ट राहिल्या. साहेबांनी ग्राफ पाहिले. चौथा स्पीड मॉडेलशी असा तंतोतंत जुळलेला आयुष्यात पाहिला नाही, म्हणाले. मी नम्रपणे मान खाली घातली. तशीही ती वर होत नव्हती.

२४ फेब्रुवारी
काका परत आले. नात झाली. खुशीत होते.
रिपोर्ट बाहेर जाण्याआधी सगळ्या टेस्ट दुसऱ्या माणसाने पुन्हा करायच्या, ही आमच्या लॅबची पद्धत. माझ्या लक्षातून गेली होती. काकांना म्हणालो, चौथा स्पीड राहू द्या, उगाच तुमचा आठवडा जायचा. ते म्हणाले, त्याला वेळ लागतोच हो, मी बसतो की.

३ मार्च
काकांचे आकडे आले. पहिले तीन स्पीड माझ्याशी जुळतात. चौथा माझ्यापेक्षा बारा टक्के खाली. पाचही तुकडे.
साहेबांनी मॉडेलचा ग्राफ समोर ठेवून काकांना विचारलं, पकड सैल राहिली होती का? काका नाही म्हणाले. मग साहेब म्हणाले, डोळे तपासून घ्या एकदा. मी खिडकीबाहेर बघत होतो. खिडकीबाहेर भिंत आहे.
उद्या सांगणार. पक्कं.

४ मार्च
साहेब घाईत होते.

५ मार्च
साहेब निवांत होते. बऱ्याच दिवसांनी निवांत दिसले. त्यांचा मूड कशाला घालवा?

११ मार्च
काकांनी नवा चष्मा केला. मग पाचही तुकडे पुन्हा ओढले. मशीनजवळ स्टुलावर बसून, डबाही तिथेच. पुन्हा बारा टक्के खाली. साहेब म्हणाले, या माणसाच्या चुकीतसुद्धा काय सातत्य आहे!
मला फार वाईट वाटलं. म्हणून काकांना दिवसभरात चार वेळा चहा नेऊन दिला. शेवटी ते म्हणाले, अहो पुरे, अशाने झोप लागत नाही. मलाही लागत नाही, पण ते बोललो नाही.

१२ मार्च
बायकोचा सल्ला घेतला. अर्थात ऑफिसातल्या एका माणसाने असं असं केलं म्हणून सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, तो माणूस महिनाभर रोज ताटात अर्धं जेवण टाकतो का?
विषय बदलला.

१४ मार्च
रिपोर्ट माझ्याच आकड्यांवर बाहेर गेला. काकांना मशीनवरून काढून खाली स्टोअरमध्ये बसवायचं ठरलं. रिटायर व्हायला दीड वर्ष उरलंय. साहेबांनी माझं मत विचारलं. हीच वेळ होती. तोंड उघडलंही. बाहेर काय पडलं, तर काकांचा जिने चढायचा त्रास वाचेल.
एका परीने त्यांच्या बाजूनेच बोललो. पण दिवसभर स्वतःची लाज वाटत राहिली.

२१ मार्च
काकांचा लॅबमधला शेवटचा दिवस. भाषणासाठी सगळ्यांनी मलाच पुढे केलं. ऐन वेळी दुसरं काही सुचेना, म्हणून प्रामाणिकपणावर बोललो. टाळ्या पडल्या. डोळे सगळ्यांचे पाणावले, माझे जरा जास्तच.
नंतर काकांनी जिन्यात गाठलं. हळू आवाजात म्हणाले, रजेवर जाताना तुमच्यासाठी वीस तुकडे कापून ठेवले होते मी. परत आलो तर पाच ड्रॉवरमध्ये तसेच.
विचारलं, मग बोलला का नाहीत? म्हणाले, तुमची नोकरी गेली असती. आणि तुम्ही स्वतः बोलाल असं रोज वाटायचं.
मग मशीनवर घालायचं कापड माझ्या हातात देऊन खाली गेले. मी ते घेऊन किती तरी वेळ जिन्यातच बसलो होतो. मी वाईट माणूस आहे. हे लिहून ठेवतो, नाहीतर उद्या याचंही काहीतरी कारण सापडेल.

२४ मार्च, सकाळी ११
सांगितलं! साहेबांच्या केबिनचं दार लावून, उभ्यानेच. चौथा स्पीड मी ओढलाच नाही, आकडे मॉडेलने दिलेले, काकांचे खरे. थरथरीचंसुद्धा सांगितलं. साहेब बराच वेळ पेनाचं टोपण काढत-घालत बसले. मग म्हणाले, रिपोर्ट परत मागवतो, काकांचे आकडे घेऊन मॉडेल नव्याने करा, आणि हे पुन्हा होता कामा नये.
एवढंच! जीव भांड्यात पडला. दीड महिन्यात पहिल्यांदा चहा गोड लागला. माणसाने खरं बोलावं, असं मी नेहमीच म्हणत आलोय.

दुपारी ३
आनंदाची बातमी आपणच द्यावी म्हणून खाली स्टोअरमध्ये गेलो. काका पाइपांचे जोड मोजून खोक्यात भरत होते. त्यांना सगळं सांगितलं, साहेबांचं वाक्य न् वाक्य. मला किती हलकं वाटतंय तेही सांगितलं. त्यांनी खोकं बंद केलं, हात धुऊन आले, चष्मा पुसून खिशात ठेवला आणि विचारलं, मग मी वर कधीपासून येऊ?
ते साहेबांना विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.