दोन गाठी

नवापूर,
ता. ६ डिसेंबर १९३८

प्रिय सोमी हिस,

थोरल्या बहिणीचा सलाम. प्रभूच्या दयेने इकडे बरं आहे. भात झोडून झाला, तूर फुलावर आली. रूथचा खोकला गेला. मावशी कधी येणार, असं ती रोज विचारते.

माझं गलगंड तू पाहिलंस. त्यावर आयोडिनचे थेंब चालू आहेत. पण हातपाय का वाढतात, जबडा पुढे का आला, हे कळत नव्हतं. लग्नातली अंगठी सोनाराकडून कापून काढावी लागली. डॉक्टरबाई म्हणाल्या, दुखणी दोन आहेत. एक गाठ गळ्यात, दुसरी मेंदूखालच्या हरभऱ्याएवढ्या ग्रंथीत. ती डोळ्यांच्या नसा दाबते, म्हणून मला बाजूचं दिसत नाही. मुंबईला जाऊन डोक्याला किरण घ्यायचे, नाहीतर दृष्टी जाईल.

तुझे भाऊजी लगेच म्हणाले, सोमीला बोलावू, ती घर सांभाळेल. त्यात वावगं काही नाही. तरी महिनाभर मीच जायचं टाळलं. भाताची कापणी आहे म्हटलं, मग झोडणी आहे म्हटलं.

दिवाळीनंतरच्या बाजारात मिरचीवालीने माझ्याकडे बघून त्यांना विचारलं, "हाई तुन्ही माय शे का?"

"मन्ही बायको शे," ते म्हणाले. शांतपणेच म्हणाले.

पेरणीला तू आली होतीस, तेव्हा त्याच बाईने तुला त्यांची बायको समजून मूठभर मिरच्या जास्त घातल्या होत्या. तेव्हा ते नुसते हसले होते. मी मागेच उभी होते.

तुझा दोष नाही. तुझा चेहरा म्हणजे माझाच, आजाराआधीचा. ते तुझ्याकडे बघतात तेव्हा मलाच बघतात, असं मनाला सांगते. मन ऐकत नाही.

काल रूथ चुलीजवळ माझ्या डाव्या अंगाला उभी होती. मला दिसली नाही. उकळतं पाणी तिच्या पायावर सांडलं. फोड आलेत, बरी होईल. ती रडत होती तेव्हाच मी त्यांना म्हटलं, सोमीला लिहिते.

शनिवारी पोच. सोमवारी सुरतेच्या गाडीने आम्ही निघू. मला इस्पितळात ठेवून ते परत येतील. रूथला तुझ्याजवळ निजव. त्यांना वेळेवर वाढ. पण त्यांच्यासमोर जेवायला बसू नकोस. ती जागा रिकामी असू दे.

अजून पौलस यांची बायको,
आणि तुझी थोरली बहीण,
जमुना