दोघांत एक खुर्ची

४ मार्च
झालं एकदाचं — प्रांताचा कारभार आता प्रांतातच! आपली परिषद, आपले कायदे. आम्हा डोंगरवाल्यांना आणि नदीकाठच्यांना मात्र मिळून एकच जागा. एक खुर्ची आणि दोन जावई, असं नवरा म्हणाला.

९ मार्च
मामांनी मला अर्ज भरायला लावला. दवाखान्यातली नर्स, घरोघरी ओळख, म्हणून. नदीकाठच्यांकडून होडीवाला उभा आहे. आणि बड्या पक्षाने आमच्यातलाच एक होयबा उभा केलाय. आमची मतं फुटली की तो बसलाच खुर्चीत. मामा म्हणतात, होडीवाल्याने घ्यावी माघार. तिकडे माझ्याबद्दल हेच म्हणत असतील.

१५ मार्च
पायांचे तुकडे पडले. प्रचार म्हणजे नुसतं चालणं.

१८ मार्च
होडीवाला शेजारच्या म्हातारीला पाठीवर घेऊन दवाखान्यात आला. तिला फक्त त्यांची भाषा येते. डॉक्टर विचारताहेत, ती रडतेय. मग तो मध्ये बसून एकेक शब्द सांगत राहिला — कुठे दुखतं, कधीपासून. वेळेत कळलं, वाचली.
त्यांच्या बायका माझ्याशीही खुणांनीच बोलतात. खुणांनी किती सांगणार माणूस?

१९ मार्च
नवऱ्याला सांगितलं, उद्या अर्ज मागे घेते, परिषदेत त्यांची भाषा बोलणारा हवा. तो भाजी चिरत होता. मामा बोलणं टाकतील, म्हणाला. मग चिरलेली भाजी कढईत टाकत — "टाकू देत. जा तू."

२० मार्च
कचेरीच्या पायऱ्यांवर होडीवाला! माझ्या हातातला कागद पाहून हसायलाच लागला. त्याने आधीच माघार घेतली होती. मी चिडले, मला विचारायचं तरी. विचारलं असतं तर तुम्हीच आधी आला असता, म्हणाला. घरच्यांनी त्याला काय काय ऐकवलं ते मात्र सांगेना.
"मतं मी आणतो, ताई. पण तिथे आमचंही बोलायचं."
मी माझा कागद तिथेच फाडला.

६ एप्रिल
निवडून आले! अगदी थोडक्यात. नदीकाठची मतं नसती तर गेलेच होते. मामा सगळ्यांना सांगत सुटलेत, होडीवाला आपल्याला घाबरला. मी चारचौघांत म्हटलं, "नाही मामा, तो घाबरला नाही." तेव्हापासून अबोला.

१७ एप्रिल
शपथ घेतली. आधी त्यांच्या भाषेत — होडीवाल्याने आठवडाभर घोकून घेतली होती — मग आपल्या. मामा उठून गेले.
दाराशी मात्र थांबले. शेवटपर्यंत.