द्वारकाबाईचा आवाज

मी, बद्रीनाथ सांडू वाकळे, वय बहात्तर, व्यवसाय पटकथालेखन व चित्रपट दिग्दर्शन, राहणार छावणी, औरंगाबाद, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, कोणाची जबरदस्ती नाही. पुढच्या आठवड्यात हृदयाची शस्त्रक्रिया आहे, म्हणून आजच.

१. छावणीतले राहते घर, स्वकष्टार्जित, माझी पत्नी द्वारकाबाई हिला. तिच्या पश्चात मुलगा काकासाहेब याला. तिच्या हयातीत त्याने खालचा मजला पाडून दुकाने काढण्याचा विषय तिच्यासमोर काढू नये.

२. खुलताबादजवळच्या वडिलोपार्जित जमिनीतला माझा हिस्सा धाकटा भाऊ फकिरा याच्या मुलांना. पोलीस ॲक्शननंतर वडिलांनी मला शहरात शिकायला धाडले, फकिराला औतामागे ठेवले. मुलाखतींत मातीतला माणूस म्हणून मी मिरवलो; मातीत तो राहिला.

३. पारितोषिके काकासाहेबने न्यावीत. बैठकीत मांडू नयेत.

४. 'माळावरची चूल' या माझ्या पहिल्या चित्रपटाचे सर्व हक्क माझ्याकडे आहेत. त्याबद्दल खुलासा करणे भाग आहे. सन १९७३ मध्ये दौलताबादला चित्रीकरण ठरले आणि ऐनवेळी नायिका आली नाही. मी द्वारकाबाईला उभे केले. ती तिथलीच, माहेरचा सीताफळांचा धंदा. नवरा घर सोडून जातो त्या प्रसंगाला मी पानभर संवाद लिहिला होता. तिने तो ऐकून घेतला आणि कॅमेऱ्यासमोर एवढेच म्हणाली, "जायचं तर जा. दार तेवढं लोटून जा, कुत्रं आत येतं."

मुंबईचा वितरक म्हणाला, ही बोली शहरात चालणार नाही. मी द्वारकाबाईचे सगळे संवाद पुण्याच्या एका नटीच्या आवाजात पुन्हा मुद्रित करून घेतले. ध्वनिमुद्रक वहाब माझा शाळूसोबती. मुद्रणाआधी त्याने विचारले, "भाबी कू पूछे क्या?" नंतर सांगू, म्हणालो. "फिर मेरे कू नक्को ये काम," म्हणून तो गेला. वहाबने काम अर्धवट टाकले, असे मी पुढे जगभर सांगितले. ते खोटे होते.

तिला मी सांगितलेच नाही. इथल्या पहिल्या खेळाला ती आईला घेऊन आली. पडद्यावर तिचे तोंड हलले तशी सासूबाईंनी विचारले, "द्वारके, ही कोन बोलती गं?"

"म्हाईत नाय," ती म्हणाली. मध्यंतरात दोघी उठून गेल्या. घरी भांडली असती तर बरे झाले असते. तिने मला रोजच्यासारखे जेवायला वाढले.

दिल्लीचे पारितोषिक मला मिळाले. पुढे हीच बोली लोकांना आवडू लागली, मग मी ती वापरली आणि त्या बोलीबद्दल सत्कार घेतले. द्वारकाबाई एकाही सत्काराला आली नाही. लोकांना मी तिच्या तब्येतीचे कारण सांगत असे.

५. द्वारकाबाईच्या आवाजातल्या मूळ ध्वनिफिती वहाबने जपल्या आहेत. त्याला काही द्यावे असे मनात होते. वकील म्हणाले, साक्षीदाराने मृत्युपत्रातून काही घेऊ नये. वहाब म्हणाला, मग साक्षच देतो.

६. मूळ मसुद्यात मी लिहिले होते, "चित्रपट द्वारकाबाईच्या स्वतःच्या आवाजात पुन्हा प्रदर्शित करावा." काल दुपारी ती मेथी निवडत होती, तेव्हा वाचून दाखवले. तिला समाधान वाटेल असे मला वाटले होते.

"हे कोनी ठरवलं?"

"मी."

"तवा बी तुमीच ठरवलं व्हतं."

मी पेनचे टोपण काढले. मग विचारले, काय लिहू?

"म्या सांगते तसं लिवा."

म्हणून ते कलम खोडले आहे. पुढचा मजकूर तिचा. त्यातले एक अक्षर मी बदललेले नाही, वकिलांनीही बदलू नये.

"सिनेमा मह्या नावावर करा. लोकायला दाखवायचा का पेटीत ठिवायचा ते म्या बघीन. आत्ता सांगायची नाय. दवाखान्यातून आल्यावर आदी वहाबभाईकडं जाऊ. म्या बी ती फीत अजून ऐकलेली नाय."

याप्रमाणे हक्क द्वारकाबाईस दिले. आधीची सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

ठिकाण : छावणी, औरंगाबाद
दिनांक : १४ नोव्हेंबर २०१०

सही : बद्रीनाथ सांडू वाकळे

आम्हा दोघांच्या देखत त्यांनी सही केली, त्यांच्या देखत आम्ही केली.
साक्षीदार :
१. वहाब गयास शेख, ध्वनिमुद्रक
२. नानासाहेब कडूबा जाधव, शेजारी, निवृत्त शिक्षक