जुन्या पिठाची विरी

आई, आज फुगा फाटला नाही. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे सांगायला पहिली तूच आठवलीस. चेर्लापल्लीच्या एका कारखान्यात मी मक्यापासून केलेल्या, खतात कुजून जाणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्यांवर काम करते. हे प्लास्टिक मोठं नाजूक मिजाशीचं. दाण्यांत जरा ओल राहिली की वितळताना त्याचे आतले धागे तुटतात, रस पातळ होतो आणि मशीनवर हवा भरून फुगवलेली नळी फाटून खाली बसते. बरेच दिवस तेच चाललं होतं. मालकांनी बजावलं होतं, आज जमलं नाही तर मशीन पुन्हा साध्या प्लास्टिकला लावायची. मी दाणे आणखी वाळवले, तुटलेले धागे जोडणारी पूड थोडी वाढवली. फुगा वर चढला आणि टिकला. मी उगाच हात पुढे केला तसा मशीनवरचा माणूस म्हणाला, "नक्को छेडो मॅडम, चलने देव."

तेव्हा नामपल्लीतलं आपलं स्वयंपाकघर आठवलं. बेगम बाजारची ज्वारी तू एकदमच दळून आणायचीस, आणि सरतासरता पीठ जुनं होऊन त्याची विरी जायची, चिकटपणा उरायचा नाही. थापताना कडा चिरायच्या, उचलली की भाकरीचे दोन तुकडे. मी रडकुंडीला आलेय आणि तू परातीत आधण ओततेस, वर मूठभर उडदाचं पीठ. "हौ, फाटली तर फाटली. पिठाला काय कळतंय तू रडतीस ते? मळ अजून." मी मळते, बोटं भाजतात, तू शेजारी नुसती बसून राहतेस. पहिली धड भाकरी उतरली, ती तू तूप लावून मलाच वाढलीस.

आज कारखान्यात सगळ्यांनी बिर्याणी मागवली होती. मलाही बसा म्हणाले. मी म्हटलं, घरी वाट बघतायत. घरी आले, डबा उघडला. ज्वारीचं पीठ कधीचं पडून आहे; एकटीसाठी परात काढायला होत नाही गं. पाणी उकळायला ठेवलं, मग गॅस बंद केला आणि हे लिहायला बसले. हा कागद आता त्याच डब्याखाली राहील. खरं सांगू? मला थांबायचं होतं. कुणी आणखी एकदा बसा म्हटलं असतं, तर बसले असते.